सुलाबाई आणि मिसरचा कारकून

सुलाबाईला कुणी गाव विचारलं, की ती आधी मेंढरांकडं बघायची. मेंढरं ज्याच्या रानात बसलेली असतील त्याचं नाव सांगायची आणि मोकळी व्हायची. "आज व्हय? आज आप्पासोच्या वावरात हाय." विचारणाऱ्याला वाटायचं, बाई येडी का काय. येडीबिडी काही नव्हती. जत तालुक्यात, कानडी मुलखाच्या कडेला एका माळावर तिच्या सासरची चार छपरं होती, बिरोबाचं ठाणं होतं, आणि पिकली तर पिकली अशी बाजरीची एक पट्टी होती. पण वर्षातले आठ महिने वाडा हिंडता. वाडा म्हटल्यावर तुम्ही लगेच दगडी चौक आणि दिंडी दरवाजा डोळ्यांपुढं आणाल, तो आणू नका. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरं, दोन घोडी, कुत्री, कोंबड्या, लेकरं आणि घोड्याच्या पाठीवरचं बिऱ्हाड. दसऱ्यामागं निघायचं, कृष्णाकाठच्या नाहीतर नीरेकाठच्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्याला, जोंधळा आपल्याला, आणि मिरगाच्या तोंडाला परत माळावर. असं ज्याचं जिणं त्यानं गाव कुठलं सांगावं? मेंढरं बसली ते. वाड्यातली सगळीच तसं सांगत, आणि त्यात काही चूक आहे हे पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

बाई उंच, काटक, उन्हानं काळी पडलेली. हातात लोकरीचा पेळू आणि टकळी, ती चालताना फिरायची, भांडताना फिरायची, सुलाबाई झोपली तरच थांबायची. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं मेंढरं मोजायची ती कानडीत आणि शिव्याही कानडीत. मराठीत तिला शिव्या पोचट वाटायच्या. नवरा तापानं गेला तेव्हा पोटाशी तीन वर्षांचा जोतीराम. थोरला दीर बिराप्पा वाड्याचा कारभारी होता. त्यानं त्या पोराला खांद्यावर बसवून वाढवलं, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढं तुम्हाला बिराप्पाचा राग येईल, तो इतका येऊ नये म्हणून.

एकेचाळीस सालचा माघ महिना. वाडा तेव्हा शिरवळला, नीरेच्या काठी, केरबा म्हणून एका शेतकऱ्याच्या रानात बसला होता. त्या गावची तीन पोरं साताऱ्याला पलटणीत भरती व्हायला निघाली. जोतीराम वीस वर्षांचा, लगीन होऊन वर्ष झालेलं. "बगून येतो" म्हणून त्यांच्या मागं गेला आणि चौथ्या दिवशी केस कापून परत आला, ते निरोप घ्यायलाच. सुलाबाईनं त्याला कानडीत जेवढं येत होतं तेवढं सगळं ऐकवलं. मग त्याच्या पाठीवर घोंगडं टाकलं, कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "कागद धाडत ऱ्हा." तो गेला.

कागद आला नाही.

पहिल्या साली कुणी मनाला लावून घेतलं नाही. लढाई आहे, पाणी आडवं आहे. पोर गेल्यानं वाड्यात एक हात कमी झाला, म्हणून बिराप्पानं लांबची वाट सोडली. नीरेकडं जाणं बंद झालं, कृष्णाकाठालाच फिरू लागले. पावसाळ्यात माळावर आले की सुलाबाई गावच्या चावडीवर जाऊन बसायची. पाटील सांगायचा, "न्हाई गं, काय टपाल न्हाई." दुसऱ्या साली तिनं विचारायचं सोडलं. नुसतीच जाऊन बसायची. पाटील मान हलवायचा आणि ती उठायची.

बेचाळीसच्या दिवाळीला शेजारच्या गावचा एक शिपाई पाय मोडून घरी आला. तो जोतीरामच्याच पलटणीतला. त्यानं जे पाहिलं ते सांगितलं: मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, पलीकडं वाळवंटात जर्मनांचा वेढा पडला, धुरात काही दिसेना, आणि त्या दिवसापासून जोतीराम त्याला दिसला नाही. मेलेला बघितला का? नाही. जिता बघितला का? तेही नाही.

आता यावर काय करायचं? बिराप्पानं हिवाळाभर वाट पाहिली. अंजनाचा, म्हणजे जोतीरामच्या बायकोचा, बाप नाथाजी. त्याचा निरोप आला, की पोरगी एकोणीस वर्षांची आहे, पाट लावून देऊ, स्थळ बघितलंय. त्यांच्या जातीत पाटाला आडकाठी नव्हती, आणि त्यात नाथाजीचं काही वंगाळही नव्हतं. पण पाट लावायचा तर आधी पहिला नवरा गेला हे चारचौघांत ठरायला पाहिजे. बिराप्पानं ठरवलं. चैत सरता सरता सगळ्यांना बसवून तो म्हणाला, "सुला, दोन सालं झाली. कागद न्हाई, सांगावा न्हाई. ह्या आखितीला आपल्या मेलेल्यांच्या नावानं घागरी भरू, त्यात जोतीच्या नावाची एक भरू. त्येचा जीव पाण्याइना तळमळत आसंल तर?"

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर पुजतात. एकदा घागर भरली की माणूस पितरांत गेला. मग तो दारात येऊन उभा राहिला तरी भूत.

"मी न्हाई भरायची," सुलाबाई म्हणाली.

"तू नगं भरू. मी भरतो. मीच खांद्यावर घिऊन हिंडलोय त्येला." बिराप्पा उठून मेंढरांकडं गेला.

अंजना शेळीची धार काढत होती, ती काढत राहिली. पुढं पाण्याच्या वाटेला दोघीच असताना सुलाबाईनं विचारलं, "तुजं काय म्हननं हाय, पोरी? माज्याकडं बगू नगंस. जल्म तुजा हाय."

"आत्याबाई, मला वाटतंय त्ये हायती," अंजना म्हणाली. "पर मला वाटतंय म्हनून का कोन थांबनार हाय?"

सुलाबाईलाही नुसतं वाटतच होतं. वाटण्याला पुरावा लागतो, आणि तो आणायचा कुठून?

आखितीला दहा दिवस राहिले होते आणि वाडा लालासाहेबांच्या रानात होता. हे गाव वाळव्याच्या अलीकडं, कृष्णेच्या काठी. ऊस तुटून गेलेला, खोडव्याचं रान खताला आसुसलेलं. लालासाहेब मराठा गडी, मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेला. मिशा अजून पलटणीतल्याच. आणि त्यांच्याकडं एक पुस्तक होतं.

त्या पुस्तकाचं कौतुक पंचक्रोशीत होतं. बसऱ्याहून निघताना एका गोऱ्या साहेबानं त्यांना दिलेलं, इंग्रजी, हाताच्या ओंजळीत मावणार नाही एवढं जाड. जगातले जुने लोक कसे राहत, काय खात, कोणाला पुजत याचा सगळा इतिहास, आणि पानोपानी चित्रं. मिसरचे लोक, बाबिलोनचे लोक, रोमचे, चीनचे. लालासाहेबांना इंग्रजी अक्षर लागायचं, पण शब्द लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची. म्हणून मजकूर ते आपल्या पदरचा सांगत. चित्रावर बोट ठेवून म्हणत, "हा राजा. ह्येची सावत्र आई लय कजाग." आता सावत्र आई त्या चित्रात कुठून आली हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पुस्तक खाकी कापडात गुंडाळलेलं असायचं, आणि हात धुतल्याशिवाय कुणालाही, अगदी पाटलालासुद्धा, पान उलटायला मिळत नसे.

सुलाबाईनं ते पुस्तक कधी पाहिलं नव्हतं. धनगराच्या बाईला मालकाच्या सोप्यावर काय काम? पण त्या दिवशी दुपारी ती टकळी कमरेला खोचून सरळ पायरीशी जाऊन उभी राहिली.

"मालक, तुमच्या बुकात मिसर हाय म्हनत्यात."

"हाय की."

"दावा मला. माजं पोर तितं गेलतं. मुलूख कसा हाय त्यो तर बगू द्या."

लालासाहेबांना आखितीचं कळलेलं होतं. एरवी त्यांनी दहा सबबी सांगितल्या असत्या. ते उठले, पुस्तक घेऊन आले, आणि आपण होऊन तिच्या हातावर तांब्यातलं पाणी घातलं. तिनं पदराला हात पुसले. दोघं पायरीवर बसली, मधे पुस्तक.

पहिलंच चित्र निघालं ते लढाईचं. रथ, धनुष्यं, आणि एक राजा माणसांचे केस मुठीत धरून गदा उगारून उभा. सुलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "आसल्यांच्या संगं लढाय धाडलं व्हय माज्या पोराला? अंगात कापडबी न्हाई मेल्यांच्या."

"आवं, ही आत्ताची न्हवंत."

"मग कवाची?"

"लय जुनी. चार हजार वर्सं झाली."

"म्हंजी मेली सगळी?"

"कवाच मेली."

"बरं झालं," सुलाबाई म्हणाली, आणि तिनं खरोखरच श्वास सोडला. लालासाहेबांना हसू आलं, पण ते मिशीत ठेवलं.

पुढची पानं उलटत गेली. नदी आली, होड्या आल्या, नांगर आला. नांगर बघून ती म्हणाली, "ह्यो तर आपलाच." गव्हाची कापणी आली. एका बाईच्या हातात टकळी निघाली, तशी सुलाबाईनं तोंड अगदी पानाला लावलं. "धरायची रीत उलटी हाय हिची," ती म्हणाली. "पर सूत बरं काडतीया." चार हजार वर्षांपूर्वीच्या बाईला तिनं पास केलं. आपल्यासारखी माणसं तिकडं होती, टकळी फिरवत होती, एवढ्यानंच तिला जरा धीर आला. असा मुलूख पोराला अगदीच उपाशी मारणार नाही, असं तिला वाटलं.

आणि मग ते पान निघालं. चार माणसं, उघडीबंब, हातात काठ्या, खांद्याला वळकट्या. मागं जनावरांची रांग. समोर एक गुळगुळीत माणूस मांडी घालून बसलेला, मांडीवर पाटी, कानावर दोन बोरू खोचलेले. त्या चारातला एक त्याच्यापुढं कमरेत वाकून उभा होता.

लालासाहेब खाकरून सुरुवात करणार, तेवढ्यात सुलाबाईच म्हणाली, "ह्यो तलाठी."

"कारकून म्हना. राजाचा कारकून. धनगरांची जनावरं मोजून लिवून घेतोय."

"मोजून झाली मालक. बगा की, जनावरं म्होरं सरकल्यात. आता त्यो ह्येला गाव इचारतोय." तिनं वाकलेल्या माणसाच्या तोंडावर बोट टेकवलं. असा चेहरा तिनं किती वेळा पाहिला होता. तलाठ्यापुढं, जकात नाक्यावर, जंगलाच्या शिपायापुढं बिराप्पाचा असाच व्हायचा. "मुकाट हुबा हाय. काय सांगावं कळंना झालंय गड्याला. हिंडत्या मानसाला गाव इचारल्यावर त्यो काय सांगंल?"

"काय सांगंल?"

"जितं जनावरं बसल्यात तितलंच सां..."

ती थांबली. बोट तसंच चित्रावर. लालासाहेबांनी दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेलं नाही.

"मालक," ती म्हणाली, "पलटनीत घेताना कारकून आसतोय का?"

"आसतोय तर. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं लिवून घेतोय. त्येच्याबिगार घेत न्हाईत."

"कागद त्या गावालाच धाडत्यात?"

"मग दुसरं कुटं धाडनार?" एवढं बोलून लालासाहेबांच्याही डोक्यात उजेड पडला. "कुटं बसली हुती त्या दिवशी मेंढरं?"

"शिरवळला. केरबाच्या रानात."

दोन वर्षं ती माळाकडच्या गावच्या चावडीवर जाऊन बसत होती. सरकारला सगळं ठाऊक असतं, असं तिला वाटायचं. आपलं माळावरचं गावही सरकारला ठाऊक असणार. आणि पोरगं तिचंच होतं, तिनंच शिकवल्यासारखं बोललं असणार. तिनं कपाळावर हात मारून घेतला. कुणाचा दोष काढायचा? वाड्यातल्या कुणालाही विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं.

बिराप्पाला हे सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली. "सुला, बुडत्याला काडीचा आधार म्हंत्यात, त्यातली गत झाली तुजी. चितरातल्या मानसानं तुला सांगितलं व्हय?"

"त्येनं न्हाई सांगितलं. त्येच्या त्वांडावर दिसलं. भावजी, मी आखितीच्या आत आली न्हाई तर घागर भरा. मी काय बोलनार न्हाई."

बिराप्पानं एवढं कबूल केलं. माणूस वाईट नव्हताच तो.

सुलाबाई जन्मात मोटारीत बसली नव्हती. एकटीनं सातारा ओलांडून शिरवळ गाठायचं म्हणजे तिच्या बापाच्यानं झालं नसतं. लालासाहेब म्हणाले, "मी येतो." उसाला पाण्याची पाळी होती, घरात बायको कुरकुरली, तरी आले. शेतकऱ्यानं पाण्याची पाळी सोडून एका धनगरणीबरोबर मोटारीचे धक्के खायचे, हे काय थोडं झालं? लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळायचं नाही, मोटारी कोळशावर चालायच्या. मागं भट्टी बसवलेली, चढ आला की उतारू खाली उतरायचे आणि मोटार पुढं रांगायची. खंबाटकीचा घाट सुलाबाई मोटारीच्या पुढं चालून गेली आणि वर जाऊन तिची वाट बघत बसली. "ह्या परास घोडं बरं," तिनं ड्रायव्हरला तोंडावर सांगितलं.

शिरवळात उतरल्यावर तिला कुणाला वाट विचारावी लागली नाही. रान तिनं मेंढरांच्या पायांनी ओळखलेलं. बांधावर केरबा उभाच होता, म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यानं दुरून तिला पाहिलं आणि हातातली खुरपी खाली टाकली.

"आली का बाई तू?" तो म्हणाला. "दोन माघ झालं वाट बगतोय. वाटंनं जानाऱ्या एकेका धनगराला इचारलं, बिराप्पाचा वाडा कवा येनार म्हनून. निरोप धाडलं. कुनी पोचवलं न्हाई व्हय?"

"न्हाई आण्णा."

"तुजं टपाल हाय माज्याकडं."

सुलाबाई तिथंच बांधावर बसली.

केरबानं घरातून एक पत्र्याचा डबा आणला. देवळीत, देवांच्या शेजारी ठेवलेला होता. पोस्टमन येऊन पत्ता वाचून दाखवायचा: सुलाबाई, केरबाचं रान, नीरेकाठ, शिरवळ. पत्ता बरोबर, रान बरोबर, केरबाही बरोबर. बाई मात्र नाही. परत न्या म्हणावं तर कुठं नेणार? म्हणून हा म्हातारा एकेक कागद घेऊन डब्यात ठेवत गेला. दर दसऱ्याला डबा पुसून त्याला गंध लावायचा. कागद उघडून मात्र एकही पाहिला नव्हता. दुसऱ्याचं टपाल कसं उघडायचं, म्हणाला. त्याला वाचता येत नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण वाचणारे शेजारी होतेच की. नाही म्हणजे नाही.

सुलाबाईनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. केरबा मागं सरला. "काय करतीस बाई? मी काय केलं? डबा ठिवला." आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणत्याच भाषेत काही सुचलं नाही.

डब्यात सात कागद निघाले. लालासाहेबांनी डोळ्यांवर चष्मा चढवला, तारखा लावून घेतल्या आणि वाचायला बसले. पहिले चार मिसरहून. जोतीरामला अक्षर येत नव्हतं, सोबती लिहून द्यायचे, पण बोलणं त्याचंच होतं. आय, मी खुशाल हाय. आय, हितली मेंढरं बारक्या शिंगांची, शेपूट पायलीएवढी, तू बगितलं आसतंस तर हासली आसतीस. आय, अंजनाला सांग, मी दारू पीत न्हाई. पुढचे दोन वेगळे, रेडक्रॉसची लाल फुली छापलेले, इटलीतून. वेढ्यात सापडलो, कैद झालो, पायाला थोडं लागलं ते भरलं. हितं थंडी लय हाय, पर तू दिलेलं घोंगडं कुनी काडून घेतलं न्हाई.

जिता. कैद झालेला, पण जिता. सुलाबाई प्रत्येक कागदाला "व्हय रं, व्हय" म्हणत होती, पोर समोर बसून सांगत असल्यासारखी.

इथं मी थोडा थांबतो आणि पुढचं सांगून टाकतो. उगाच तुमचा जीव टांगणीला ठेवायची मला हौस नाही. सुलाबाई आखितीच्या आदल्या दिवशी वाड्यावर पोचली. बिराप्पानं कागद छातीशी धरून लहान पोरासारखं रडून घेतलं आणि नव्या आणलेल्या घागरीतलं पाणी अंजनाच्या हातानं मेंढरांना पाजलं. पंचेचाळीस साली जोतीराम आला. अंजनाला पुढं चार लेकरं झाली. आणि सुलाबाई जिवंत असेपर्यंत दर उन्हाळ्यात लालासाहेबांच्या सोप्यावर जाऊन, हात धुऊन, ते पान काढायला लावायची आणि त्या मिसरच्या कारकुनाला आणि त्याच्यापुढं वाकलेल्या धनगराला भंडारा लावायची. पानावर पिवळा डाग पडला. लालासाहेब पहिल्या साली चिडले, दुसऱ्या साली गप्प बसले, तिसऱ्या सालापासून भंडाऱ्याची वाटी तेच आणून ठेवू लागले. त्या चित्रकाराचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. कुणीतरी कधीकाळी मिसरात एका धनगराच्या तोंडावरची पंचाईत नीट बघितली, नीट काढली, पुढं कुणा साहेबाला ती पुस्तकात घालावीशी वाटली, आणि त्याच्यामुळं माझ्या पोराची घागर भरायची राहिली, असं ती ज्याला त्याला सांगायची. "त्येचं भलं हू द्या," म्हणायची. "त्यो मेला आसला तरी भलं हू द्या."

तर केरबाच्या बांधावर सहा कागद वाचून झाले होते. सातवा राहिला होता. तो जरा मोठा होता, आणि त्यावर नाव सुलाबाईचं नव्हतं. केरबाचं रान तेच, पण नाव बिराप्पाचं. लालासाहेबांनी दोन ओळी मनात वाचल्या आणि चष्मा काढून पुसला.

"वाचा की," सुलाबाई म्हणाली.

"वाचतो." त्यांनी पुन्हा खाकरून घेतलं.

"'चुलत्यास दंडवत. आयेला सा कागद धाडलं. एकाचंबी उत्तर न्हाई. आय माजी गप बसनारी बाई न्हवं. ती आसती तर कुनाच्या तरी पाया पडून चार वळी लिवून घेतल्या आसत्या, न्हाईतर शिव्या तरी लिवून घेतल्या आसत्या. तवा ती ऱ्हायली न्हाई असं मी समजलो. तुमाला कळवायला जड गेलं आसंल, म्हनून तुमी गप बसला. म्या हितं काय करायचं त्ये केलं. सोबत्यांनी डोकं बोडलं. तीन वंजळी पानी सोडलं. धाव्या दिशी माज्या वाटनीच्या भाताची मूद तारंच्या भायेर ठिवली. आपल्यागत कावळं न्हाईत हितं, पर एक काळं पाखरू आलं आन् त्येनं लगेच घास घेतला. तिचा जीव कशात आडकला न्हवता म्हनायचं. त्येवडं बरं वाटलं. अंजनाला तुमी जपा. तिला वाट बगाय लावू नगा.'"

केरबानं तोंड फिरवलं. लालासाहेबांनी कागदाची घडी घातली. इकडं घागर भरायची बोलणी चालली होती, आणि तिकडं कैद्यांच्या छावणीत तारेच्या आत पोरानं आपल्या आईचं सगळं उरकून टाकलं होतं.

सुलाबाईचे खांदे हलायला लागले. केरबाला वाटलं, आता हंबरडा फोडणार. पण ती हसत होती, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"लगीच घास घेतला म्हनं," ती म्हणाली. "लगीच! मेल्या पाखरा, माजा समदा जीव त्या पोरात आडकलाय, आन् तुला त्यो दिसला न्हाई व्हय रं?"

केरबा उठून पोस्टातून एक कार्ड घेऊन आला. लालासाहेबांनी त्याच्या उलट्या डब्यावर कार्ड ठेवलं, टाक शाईत बुडवला आणि वर बघितलं. "काय लिवू?"

तिच्याकडं सांगायला दोन वर्षांचं साठलेलं होतं. अंजना थांबली आहे, बिराप्पा थकला आहे, पांढरी घोडी मेली, कोकरं किती झाली. पण कार्ड एवढंसं होतं. सुलाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"लिवा," ती म्हणाली. "केस वाडीव. तुजी आय जिती हाय."